उंची नियमाप्रमाणे

चंद्रप्पा होनराव दुरून दिसला की नव्या माणसाला वाटायचं, मैदानात कुणाचा तरी पुतळा बसवलाय आणि त्याचं उद्घाटन राहून गेलंय. इतका तो पांढरा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ते त्याच्या बायकोच्या, बसम्माच्या धाकानं. भुवयांवर, मिशीवर, पँटीच्या घोळात पांढरी पूड, ती फक्कीची. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची चुन्याची भुकटी. अंगावरची देवाची कुठं संपते आणि मैदानाची कुठं सुरू होते, असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"कपाळावरली पुसत न्हाई, पायावरली निघत न्हाई," तो म्हणाला. "मधली तुम्ही वळखा, सर."

मी गावातल्या शाळेत मराठी शिकवतो, म्हणून सर. आमचं गाव देगलूर आणि उदगीरच्या मधे कुठंतरी आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तीन आजी-माजी नगरसेवक जाब विचारायला घरी येतील आणि आमच्याकडं चांगले कप दोनच आहेत. गावात तीन भाषा बोलतात आणि तिन्हींत भांडता येतं. सोमवारी बाजार भरतो. आणि एस.टी. स्टँडच्या मागं एक बहुउद्देशीय फुटबॉल स्टेडियम आहे. चंद्रप्पा त्याचा रखवालदार, माळी, झाडूवाला आणि फक्कीवाला. पगार एकाच माणसाचा, कारण चौघंही तोच होता.

'बहुउद्देशीय' हा शब्द मी वर्गात फोड करून शिकवतो. बहु म्हणजे पुष्कळ, उद्देश म्हणजे हेतू. स्टेडियमनं तो माझ्यापेक्षा नीट शिकवला. तिथं लग्नं लागली, सभा झाल्या, सप्ताह बसले, दिवाळीत फटाक्यांची दुकानं थाटली गेली, पोलीस भरतीची पोरं पहाटे धावली. कृषी प्रदर्शनात अकराशे किलोचा एक रेडा आला आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला तहसीलपर्यंत रांग लागली. उरलेल्या दिवशी फुटबॉल. हे सगळं फाटकावरच्या पाटीला आधीच कळलं असावं, कारण दुसऱ्याच वर्षी वाऱ्यानं तिच्यावरचा 'फु' पडला आणि 'बहुउद्देशीय टबॉल स्टेडियम' एवढंच राहिलं. आजही तसंच आहे. बाहेरगावचे लोक वाचतात आणि न विचारता पुढं जातात.

प्रत्येक कार्यक्रमानंतर मैदानाची दशा व्हायची. मांडवाचे खड्डे, खिळे, पत्रावळी. सगळे गेले की चंद्रप्पा खड्डे बुजवायचा, खिळे वेचायचा आणि मग खांद्यावर सुतळीचं भेंडोळं टाकून फुटबॉलच्या रेघा पुन्हा पहिल्यापासून मारायचा. खुंटी ठोकायची, सुतळी ताणायची, भोकं पाडलेला पत्र्याचा डबा हलवत सुतळीवरून उलटं चालत जायचं. पाठीमागं न बघता. त्याची रेघ कधी वाकडी गेली नाही. मधल्या वर्तुळासाठी त्याच्याकडं तीस फुटांची वेगळी सुतळी होती. ती बसम्मानं एकदा शेळी बांधायला घेतली, तर हा माणूस दोन दिवस घरात जेवला नाही.

हेलिकॉप्टर येणार होतं तेव्हा वरून फोन आला, की मैदानात गोल करून त्यात इंग्रजी एच काढा. चंद्रप्पानं तीच तीस फुटांची सुतळी लावली. हेलिकॉप्टर बरोब्बर मैदानाच्या मधल्या ठिपक्यावर उतरलं. आत कोण होतं, काय बोललं, हे चंद्रप्पाला विचाराल तर आठवायचं नाही. "सेंटरवर उतरलं बगा," एवढंच तो दहा वर्षं सांगत होता. "एक इंच हिकडं न्हाई, तिकडं न्हाई. पायलटला खेळाची जाण हाय."

हे वेड त्याला पोरवयातलं. स्टेडियम व्हायच्या आधी तिथं माळ होता आणि त्या माळावर गावाचा संघ खेळायचा. चंद्रप्पा गोलकी. गोलकी म्हणजे गोल राखणारा. खाजामियाँ कप्तान. आता त्याचं स्टँडसमोर पंक्चरचं दुकान आहे आणि टायरच्या ढिगात तो बादशहासारखा बसतो. देगलूरच्या एका सामन्यात चंद्रप्पानं एक चेंडू असा उडी मारून अडवला होता, की खाजामियाँच्या सांगण्याप्रमाणे "उपर से कव्वा जा रहा था, उसको भी पकड लेता." दरवर्षी तो कावळा थोडा आणखी उंचावरून जायचा.

चंद्रप्पाला एकच लेक, मंजुश्री. बसम्माला वाटे, पोरीनं रांगोळी शिकावी. शिकली. बापाकडून, फक्कीची. सात-आठ वर्षांची असताना ती सुतळीचं दुसरं टोक धरून उभी राहायची, आणि दहाव्या वर्षी दोन चपला मांडून त्यांच्या मधे. पोरांनी मारलेला चेंडू ती डावीकडं झेपावून, उजवीकडं लोळण घेऊन असा काढायची, की मुख्याध्यापकांनी तिला शाळेच्या संघात घेतलं आणि मुलींचा संघच नव्हता म्हणून मग मुलींचा संघ काढला. आसपासच्या शाळांत दुसरा नव्हता, म्हणून तो गावातल्या पोरांशीच खेळायचा. खाजामियाँनं ट्यूब कापून तिला हातमोजे शिवून दिले.

"अय्यय्यो, लग्न कोण करणार हिच्याशी?" बसम्मा म्हणायची. "गुडघे बगा, भोपळ्यासारखे फुटलेत."

"गुडघे बगून लग्न करतेत का?" चंद्रप्पा म्हणायचा. "तुझे कुठं बगितलेले मी?"

"साकु! पुरे तुमचं," असं म्हणून ती पदर तोंडाला लावून आत जायची.

आता स्टेडियमला सगळं होतं. कोनशिला होती, दुसरी कोनशिला होती, सज्जा होता, सज्ज्यावर पत्रा होता. नव्हते फक्त गोल. दोन उभे खांब, वर एक आडवी दांडी, मागं जाळी. सरकारी आराखड्यात ते राहून गेले होते. चंद्रप्पानं दोनदा बांबू रोवले. पहिले बांबू सप्ताहाच्या मांडवात गेले, दुसऱ्यांवर निवडणुकीचे झेंडे लागले. मग मैदानात कुणी खड्डे खोदू नयेत असा कागद आला, कारण पुन्हा हेलिकॉप्टर यायचं होतं.

मंजुश्री बारा वर्षांची असताना चंद्रप्पा एके संध्याकाळी माझ्याकडं आला. हातात वहीचं पान, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज.

"सर, जरा तुमच्या मराठीत करून द्या. माझ्या मराठीत दिलं तर सायब वाचंना."

मी वाचलं. 'गोलपोष्ट पायजे. दोन. रुंद चोवीस फूट उंच आठ फूट. लोखंडाचे. पोरगी खेळती.' एवढाच अर्ज. आज मला वाटतं, या तालुक्यात इतका चांगला अर्ज कुणी लिहिला नसेल. पण त्या दिवशी मी मराठीचा मास्तर होतो आणि माझ्या हातात लाल पेन होतं.

"चंद्रप्पा, हे 'पोस्ट' काढा," मी म्हणालो. "आपलं ऑफिस तुम्हाला माहितीय. पोस्ट वाचलं तर पोस्ट ऑफिस बांधून देतील दोन."

तो खूप हसला. माझा विनोद चांगलाच होता. मीही हसलो.

"आन् लोखंडाचे?"

"ते त्यांना कळतं. आणि हे उंच आठ फूट वगैरे बाजारात कापड मागितल्यासारखं वाटतं. 'उंची नियमाप्रमाणे' असं लिहू. भारदस्त होतं."

"आठ फूट ऱ्हाऊ द्या की, सर," तो म्हणाला.

"अहो, नियमाप्रमाणे म्हणजे आठच फूट."

"हाव का?" त्यानं मान हलवली. "मग ठीक हाय. तुम्ही शिकलेले."

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर क्रीडांगणाच्या उत्तर व दक्षिण टोकांस प्रत्येकी एक गोल, रुंदी चोवीस फूट, उंची नियमाप्रमाणे, बांधून मिळावा ही नम्र विनंती.' चंद्रप्पानं ते तीनदा वाचलं. पोच घेतलेली प्रत त्यानं घडी करून घरात बसवेश्वरांच्या तसबिरीमागं ठेवली.

अर्ज फिरला. आमच्याकडं अर्ज बैलासारखा फिरतो, घाण्याच्या. दोन वर्षांनी एका सोमवारी माझा तास चालू असताना चंद्रप्पा धावत शाळेत आला. "सर, आलं! मंजूर झालं! सिमेंटची गाडी आलीया!"

"सिमेंटची?" मी विचारलं.

"खांब रोवायला लागतंय की."

तो मुलांना पेढे वाटून गेला. मंजुश्री नववीत होती. सगळ्यांनी बाकं वाजवली.

संध्याकाळी आम्ही बघायला गेलो. कंत्राटदाराच्या माणसांनी उत्तरेच्या गोलरेषेवर मध्यभागी खुंटी ठोकली होती आणि सुतळीनं एक वर्तुळ आखलं होतं. व्यास चोवीस फूट. चंद्रप्पा म्हणाला, खड्ड्याची आखणी असेल. दुसऱ्या दिवशी त्या वर्तुळावर विटा चढल्या. तिसऱ्या दिवशी आणखी विटा. चौथ्या दिवशी चंद्रप्पानं गवंड्याला विचारलं, "ह्ये काय करून राहिलाव?"

"गोल," गवंडी म्हणाला. "दोन हायेत. ह्ये झालं की त्यो."

गोल ओटे होते ते. चांगले तीन फूट उंच, कडेनं पायऱ्या, वर शहाबादी फरशी. उंची नियमाप्रमाणे. तीन फुटांच्या वर गेलं की कठडा लावावा लागतो म्हणे, असा ओट्यांचा नियम आहे. चंद्रप्पा ऑफिसात गेला. तिथल्या माणसानं अर्ज काढून त्याच्यासमोर धरला आणि अक्षरावर बोट ठेवलं. "गोल मागितले, गोल दिले. चौकोनी पाहिजे होते का?"

गावभर हसू उसळलं. मीही आठवडाभर हा किस्सा सांगत होतो, स्टँडवर, शिक्षकांच्या खोलीत, एका बारशात. सांगताना लाल पेनाचा भाग मी गाळायचो. खाजामियाँ तेवढा हसला नाही. "सर," तो पंक्चर काढता काढता म्हणाला, "लडकी का क्या होगा?"

लडकीचं असं झालं. ओटे हलणार नव्हते. पोरं ओट्याच्या पुढं चपला ठेवून खेळू लागली. खालून गेलेला चेंडू ओट्याच्या भिंतीवर 'ठप्' आपटायचा, म्हणजे गोल. भिंतीच्या वरून गेला तर गोल की नाही, यावरून भांडणं व्हायची, कारण वर दांडी नव्हती. पोरांनीच मग कायदा केला. गोलकीनं उभ्यानं हात वर करायचे. हाताच्या खालून गेला तर गोल, वरून गेला तर 'हातावर', म्हणजे बाद. वाद असेल तर गोलकीनं पुन्हा हात वर करून दाखवायचे. साधा कायदा होता. एक कागद न लिहिता झाला होता म्हणून असेल, सगळ्यांना कळायचा.

त्या कायद्यात उडी मारणारा गोलकी मूर्ख ठरायचा. मंजुश्री सुरुवातीला मारायची, तर पोरं ओरडायची, "ए बावळट, हातावर चाललाय की! कशाला धरतीस?" हळूहळू तिनं सोडलं. चेंडू वर आला की ती हात उंचावून अंदाज घ्यायची, बोटांच्या वरून जातोय असं दिसलं की हात खाली घ्यायची आणि चेंडू आणायला वळायची. चंद्रप्पा रेघेवरून ओरडायचा, "बाळ, वर आठ फुटावर दांडी हाय! दांडी हाय समज!"

"कुठं हाय, अप्पा?" ती हसून विचारायची.

आणि खरंच, कुठं होती?

ती सोळा वर्षांची झाली त्या वर्षी लातूरला विभागाची निवड चाचणी होती. निवड झाली की पुढं राज्याची स्पर्धा, शिबिर, क्रीडा प्रबोधिनी. चंद्रप्पानं हे सगळे शब्द पाठ केले होते आणि मंत्रासारखे म्हणायचा. शाळेला क्रीडाशिक्षक नव्हता, म्हणून सही करायला मी बरोबर. पहाटेच्या एस.टी.नं आम्ही तिघं निघालो. बसम्मानं धपाटे बांधून दिले आणि चंद्रप्पाला बजावलं, "तिथं पांढरं होऊन ऱ्हाऊ नका. मोठी माणसं असतात." त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा स्वच्छ पाहिला. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस. ओळखायला वेळ लागला.

लातूरच्या मैदानावर गेल्या गेल्या मंजुश्री गोलपाशी गेली. खऱ्या गोलपाशी. तिनं खांबाला हात लावला, जाळी ओढून पाहिली, मग दांडीच्या खाली उभं राहून वर पाहिलं. हात वर केले. बोटं आणि दांडीच्या मधे दीड फूट आकाश होतं.

"लई वर हाय, अप्पा," ती म्हणाली.

"आठ फूट," चंद्रप्पा कुंपणापलीकडून म्हणाला. त्याच्या आवाजात देवळात बोलल्यासारखं काहीतरी होतं.

चाचणी सुरू झाली आणि पहिली वीस मिनिटं आमची पोर त्या मैदानाची राणी होती. डावीकडं, उजवीकडं, पायांत, पायांतून काढून. निवड समितीतल्या बाई वहीत भराभर लिहीत होत्या. नांदेडच्या संघातली एक मुलगी तीनदा एकटी समोर आली आणि तीनदा डोक्याला हात लावून परतली. चंद्रप्पानं कुंपणाची तार इतकी घट्ट धरली होती की मी म्हणालो, "चंद्रप्पा, सरकारी तार आहे, उपटाल." तो ऐकत नव्हता.

मग एक चेंडू वर आला. जोरकस नव्हता. आरामात, तरंगत आला. मंजुश्रीनं हात वर केले, मान तिरकी करून अंदाज घेतला. चेंडू तिच्या बोटांच्या वीतभर वरून जात होता. तिनं हात खाली घेतले. आणि चेंडू आणायला वळली.

चेंडू जाळीत होता. ती त्याच्याकडं बघतच राहिली. तो तिथं कसा, हे तिला कळेना.

बाई जवळ गेल्या. "अगं, बारच्या केवढा खाली होता! उडी का नाही मारलीस?"

"हातावर गेला, मॅडम."

"म्हणजे?"

"हातावर गेला की गोल नसतो ना."

आधी नांदेडच्या मुली हसल्या, मग बाकावरच्या, मग बाईसुद्धा. मैदानभर हसू पसरलं. आणि मला हे लिहायलाच हवं, की मीही हसलो. तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. शेजारी चंद्रप्पा उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही. नुसतं पाहिलं आणि पुन्हा तार धरली.

त्यानंतर अजून दोन चेंडू तसेच वरून आले. दुसऱ्याला तिनं उडी मारली, पण उशिरा, आणि कशी मारायची हे पायांना माहीत नसल्यासारखी. तिसऱ्याला ती जागची हललीच नाही. हात वर करून उभी राहिली, ओट्यापुढं पोरांना दाखवायची तशी. बाईंच्या वहीत काय लिहिलं ते मी सही करताना वाचलं. 'बाजूचे चेंडू: उत्कृष्ट. उंच चेंडू: शून्य.'

परतीच्या एस.टी.त मंजुश्री खिडकीला डोकं लावून झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. धपाट्यांचं फडकं कुणी सोडलं नाही. मी शब्द जुळवत होतो. पंचवीस वर्षं शब्दांचा धंदा करून एक वाक्य सुचेना. उदगीर मागं पडल्यावर चंद्रप्पाच हळूच म्हणाला, "सर, माजीच चूक झाली."

"तुमची काय चूक?"

"आठ फूट. मी धरून बसायला पायजे होतं. तुम्ही म्हन्लाव आन् मी सोडून दिलं."

मी त्याला म्हणायला हवं होतं की चूक माझी आहे. मी खिडकीबाहेर बघितलं.

पुढच्या वर्षी जायचं का, असं मी मंजुश्रीला एकदा विचारलं. तिनं फार सरळ उत्तर दिलं. "पुढल्या वर्षी तरी आपल्या इथं गोल कुठं असणार हाय, सर?" तिनं हातमोजे खाजामियाँच्या दुकानात नेऊन दिले. त्यानं ते पंक्चरच्या ठिगळांना वापरले नाहीत. आजही तिथं खिळ्याला टांगलेले आहेत. गिऱ्हाइकानं विचारलं तर तो म्हणतो, "बेचने के नहीं."

तिनं नर्सिंगचा कोर्स केला, उदगीरला. सहा वर्षं गेली. दरम्यान ओट्यांना फार चांगले दिवस आले. गावाला कळलं, की उत्तरेच्या ओट्यावर नवरानवरी आणि दक्षिणेच्या ओट्यावर बँड, अशी सोय आख्ख्या तालुक्यात नाही. लोक मंगल कार्यालय सोडून स्टेडियम मागू लागले. आमदारांच्या भाषणात ओट्यांचा दूरदृष्टी म्हणून उल्लेख झाला. चंद्रप्पा प्रत्येक लग्नानंतर खिळे वेचायचा, रेघा मारायचा. गोलरेषा मारत ओट्यापर्यंत यायचा, डबा उचलायचा, ओट्याला वळसा घालून पलीकडून पुढची रेघ धरायचा.

मंजुश्रीचं लग्नही तिथंच झालं. मुलगा भालकीचा, संगमेश्वर, औषधांच्या दुकानात कामाला, हसरा आणि चार फुटांवरून कुणालाही नमस्कार करणारा. गुडघ्यांची चौकशी झाली नाही. रखवालदार म्हणून मैदान चंद्रप्पाला सवलतीत मिळालं. मांडवाची आखणी त्यानं स्वतः केली, फक्कीनं. मांडववाला म्हणाला, इतका काटकोनात मांडव मी आयुष्यात घातला नाही.

दुपारचा मुहूर्त होता. अक्षता पडल्या, आणि हार घालायची वेळ आली. आजकालची रीत तुम्हाला माहीत आहे. नवरी हार घालायला पुढं झाली की नवऱ्याचे मित्र त्याला खांद्यावर उचलून घेतात, म्हणजे तिचा हात पुरू नये. भालकीचे मित्र चौघं, चौघंही धिप्पाड. त्यांनी संगमेश्वरला एका झटक्यात वर उचलला. मांडवात शिट्ट्या, आरडाओरडा. मंजुश्रीनं हार धरलेले दोन्ही हात वर केले.

मी तिसऱ्या रांगेत होतो. शेजारी खाजामियाँ. त्यानं माझं मनगट धरलं. कारण आम्ही दोघांनीही ते पाहिलं. तीच मान तिरकी, तोच अंदाज. संगमेश्वरची मान तिच्या बोटांच्या दीड फूट वर होती. हातावर.

"अगं, स्टूल आणा कुणीतरी," बायका हसत होत्या. "हरली, हरली नवरी!"

तिनं हात खाली घेतले. एक क्षण. मग गुडघे वाकवले, ते फुटलेले गुडघे, आणि शालू, दागिने, हिरव्या चुड्यासकट ती दोन्ही पायांवरून सरळ वर उडाली. इतकी वर, की मित्रांच्या डोक्यांच्या वर तिचं डोकं दिसलं. हार संगमेश्वरच्या गळ्यात पडला आणि ती खाली आली, दोन्ही पायांवर, न डगमगता.

मांडव फुटायचा राहिला. दक्षिणेच्या ओट्यावरून बँड सुरू झाला. "वा रे गोलकी!" खाजामियाँ ओरडला.

चंद्रप्पा पायरीपाशी उभा होता, नव्या धोतरात, स्वच्छ. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता, तो वाजवत नव्हता. मी जवळ गेलो. तो ओट्यावरच्या रिकाम्या हवेत बघत होता, जिथून तिचे हात नुकतेच गेले होते.

"सर," तो म्हणाला, "किती असंल?"

मला माहीत होतं तो काय विचारतोय. "आठ असेल, चंद्रप्पा."

"आठच हाय," तो म्हणाला. "दांडीला लागला असता हात."

आणि उपरण्यात तोंड घालून तो रडायला लागला. लहान मुलासारखा, हुंदके देत. पाहुणे धावले. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात फिरवला. बसम्मा येऊन म्हणाली, "आत्ताच का रडताव, पाठवणी तर होऊ द्या." मुलीचा बाप लग्नात रडतोय, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज लिहून नेला. चंद्रप्पा खिळे वेचून रेघा मारायला लागला होता. पुन्हा पांढरा झाला होता. मी कागद त्याच्यापुढं धरला. 'गोलपोस्ट पाहिजेत. दोन. रुंद २४ फूट, उंच ८ फूट. लोखंडाचे. ओटे काढून.' खाली मी स्वतःची सही केली होती, त्याच्या सहीला जागा सोडली होती.

"मागचा अर्ज मी बिघडवला होता, चंद्रप्पा," मी म्हणालो. एस.टी.त म्हणायचं होतं ते, सहा वर्षांनी.

त्यानं कागद वाचला. हात पँटीला पुसून पेन घेतलं. म्हणाला, "आठ आकड्यात नको सर. अक्षरात लिवा."

मी लिहिलं, आठ. त्यानं खाली सही केली, कागद फक्कीच्या बोटांनी माझ्याकडं दिला आणि पुन्हा सुतळीपाशी गेला. उलटं चालत, डबा हलवत. रेघ ओट्यापर्यंत आली. तिथं त्यानं डबा उचलला, ओट्यावर कालच्या अक्षता पडल्या होत्या तिकडं न बघता वळसा घालून पलीकडं गेला, आणि चोवीस फूट सोडून पुढची रेघ सुरू केली.